रेघेवरच्या पेशी

पगारेभाऊंना कुणी वेळ विचारली तर ते ‘साडेदहा’ असं कधी म्हणायचे नाहीत. दहा अठ्ठावीस म्हणायचे, आणि विचारणारा चार पावलं पुढे गेला की मागून हाक मारून ‘आता एकोणतीस’ असंही सांगायचे. लोक हसायचे. भाऊंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

आमची लॅब नाशकात मेनरोडच्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. रक्त-लघवी तपासणारे डॉक्टरसाहेब मालक, त्यांच्या हाताखाली पगारेभाऊ आणि भाऊंच्या हाताखाली मी. आणीबाणी उठली त्या वर्षी मी तिथं लागले. बीएस्सीची ताजी पदवी हातात आणि आपल्याला सगळं येतं असा समज डोक्यात. तो समज भाऊंनी पहिल्याच आठवड्यात उतरवला.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेव्हा हातानं मोजायच्या. एका जाड काचेवर बारीक चौकोन कोरलेले असतात. रक्तात जांभळ्या रंगाचं पाणी मिसळून त्याचा थेंब त्या काचेवर सोडायचा, काच भिंगाखाली ठेवायची आणि चार कोपऱ्यांतल्या चार घरांत जांभळे ठिपके किती ते मोजायचे. आलेल्या आकड्याला पन्नासनं गुणलं की माणसाचा आकडा मिळतो. धडधाकट माणसाच्या चार घरांत शंभर-सव्वाशे ठिपके सहज भरतात. ऐकायला सोपं आहे. पण काही पेशी नेमक्या घराच्या रेघेवर बसलेल्या असतात, आणि सगळी गंमत तिथं आहे.

“ताई, वरची आणि डावीकडची रेघ आपली,” भाऊ म्हणाले. “खालची आणि उजवीकडची शेजाऱ्याची. तिच्यावर बसलेली पेशी कितीही गोंडस दिसली तरी तिला घरात घ्यायचं नाही.”

“का पण?”

“नाहीतर ती आपल्याकडे जेवेल आणि शेजारीही जेवेल. आकडा फुगेल.”

आठ दिवस त्यांनी मला दुसरं काही करू दिलं नाही. मी मोजायचे, मग ते मोजायचे. पाचाहून जास्त फरक पडला की काच धुऊन पुन्हा पहिल्यापासून. ते स्वतः मोजताना दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत राहायचा आणि ओठ हलायचे. उंच, काटकुळा माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, त्यावर कायम कुठेतरी जांभळा डाग. त्यांच्या बायको, सिंधुवहिनी, म्हणायच्या, ह्यांच्या लग्नाच्या सदऱ्यावरसुद्धा असेल, नीट शोधा.

त्यांच्या काटेकोरपणाचा त्रास सगळ्यांनाच व्हायचा. डॉक्टरसाहेबांच्या सासूबाईंना साखरेचा आजार होता. तपासणीच्या आदल्या दिवशी त्या हमखास कुणाच्या तरी बारशाला जाऊन यायच्या आणि रिपोर्ट पाहून भाऊंवर डाफरायच्या. एकदा म्हणाल्या, “अरे पगारे, जावई वाचणार आहे तो कागद. दहा-वीस कमी लिहिलंस तर तुझं काय जातं?” भाऊ अगदी नम्रपणे म्हणाले, “आजी, माझं काहीच जात नाही. साखर तुमची, आकडा तुमचा, जिलबीही तुमचीच.” सासूबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी बारसं चुकवलं.

दुसरा एक प्रसंग इतका गमतीचा नाही. आमच्याकडे नेहमी पेशंट पाठवणाऱ्या एका डॉक्टरांचा फोन आला. टायफॉइडची औषधं आधीच सुरू केली होती, रिपोर्ट मात्र तसा येत नव्हता. जरा जुळवून घ्या, असं म्हणणं होतं. भाऊ म्हणाले, “डॉक्टर, डोळ्याला दिसतं तेवढंच मी लिहितो. मनाला वाटतं ते लिहायला लागलो तर भिंग कशाला हवं?” त्या डॉक्टरांनी पेशंट पाठवणं बंद केलं. डॉक्टरसाहेब दोन दिवस तोंड पाडून बसले, पण भाऊंना त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. असा माणूस लॅबला मिळत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

सिंधुवहिनी पंचवटीत नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की डबा घेऊन आमच्याकडे यायच्या, तिघं मिळून जेवायचो, आणि मग भाऊंचं काम आवरलं की दोघं सिटी बसनं नाशिकरोडच्या घरी जायची. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्याच ओट्यावर अभ्यासाला असायची. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी बुद्धाचा, आणि खाली एक कॅलेंडर. त्यावर गॅसच्या टाकीपासून परीक्षांपर्यंत सगळं भाऊंच्या बारीक अक्षरात लिहिलेलं. वहिनी गोऱ्या, ठुसक्या, मोठ्यांदा हसणाऱ्या. “हे आमटीत मीठसुद्धा मोजून घालतात,” त्या सांगायच्या, “आणि तरी खारट होते.” भाऊ म्हणायचे, “तू चाखून बघत पुन्हा घालतेस म्हणून.” नवराबायकोनं एकमेकांवर इतकं उघड प्रेम करावं हे तेव्हा आमच्याकडे फारसं दिसत नसे. मला त्या शनिवारची वाट पाहायची सवय लागली होती.

रंगीत टीव्ही नाशकात नुकते दिसायला लागले होते त्या सुमाराला वहिनींना छातीत गाठ लागली. वार्षिक परीक्षा होऊन जाऊ देत म्हणून त्यांनी दोन महिने कुणाला सांगितलं नाही. मुंबईला मोठं ऑपरेशन झालं. पुढची औषधं इथं नाशकातच, एका सर्जनच्या दवाखान्यात, शिरेतून घ्यायची होती. दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा डोस. मुंबईच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत दोन गोष्टी लिहिल्या होत्या. डोस शक्यतो चुकवू नका. आणि प्रत्येक डोसआधी पांढऱ्या पेशी मोजा. तीन हजारांच्या खाली असतील तर आठवडाभर थांबा, कारण या औषधानं रक्तच तयार होईनासं होतं आणि मग साधा तापही माणसाला घेऊन जातो.

पेशी मोजायच्या म्हणजे आमच्याच लॅबमध्ये. डॉक्टरसाहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “पगारे, वहिनींचं तुम्ही करू नका. सुनंदा करेल.”

“का साहेब? माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही?”

साहेब काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं. पण पगारेंच्या डोळ्यांवर विश्वास नाही असं नाशकात कोण म्हणणार होतं?

त्याच दिवसांत भाऊंनी व्हिटॅमिनं धरली. डॉक्टरसाहेबांच्या कपाटातली परदेशी मासिकं ते डबा खाताना डिक्शनरी घेऊन वाचायला लागले. एके दिवशी मला म्हणाले, “ताई, सायकलच्या चेनला तेल का लावतो आपण? गंज चढू नये म्हणून. हे औषध रोगाला जाळतं, पण त्याची झळ हाडांच्या आतल्या मगजालाही लागते, जिथं रक्त तयार होतं. तो गंजच म्हण. सी आणि ई व्हिटॅमिन म्हणजे तेल.” मग त्यांनी वेळापत्रक केलं. सकाळी आवळ्याचा रस, शाळेच्या मधल्या सुट्टीत पेरू, दुपारी मोड आलेली मटकी, संध्याकाळी गाजर. सी व्हिटॅमिनच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या दिवसातून चारदा, ई व्हिटॅमिनची कॅप्सूल दोनदा. सगळं त्या कॅलेंडरवर, मिनिटांसकट.

“माझं पोट म्हणजे भद्रकालीचा भाजीबाजार झालाय,” वहिनी म्हणायच्या. “सुनंदा, तुझ्या भाऊंना सांग गं, मी शेळी नाहीये.” पण सगळं खायच्या. तोंड वाकडं करत, भाऊंकडे बघत, शेवटच्या फोडीपर्यंत.

पहिल्या डोसनंतर आकडा उतरला आणि तीन आठवड्यांत पुन्हा वर आला. दुसऱ्या डोसच्या दिवशी बेचाळीसशे होता. भाऊंनी लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला. “बघितलंस? तेल लागलं!” त्यानंतर जो कोणी अशा आजाराचा पेशंट यायचा त्याला ते बाकावर शेजारी बसवून घेऊन आवळे-गाजरं समजावून सांगायचे. डॉक्टरसाहेब एकदा म्हणाले, “पगारे, त्यांचा आकडा व्हिटॅमिनांशिवायही चढला असता. एका माणसाच्या रक्तावरून काही ठरत नाही.” असलं बोलणं मी आजवर भाऊंच्याच तोंडून ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र ते ताडकन उठून बाहेर गेले आणि बराच वेळ जिन्यात उभे राहिले.

तिसऱ्या डोसच्या दिवशी वहिनी सकाळीच आल्या. अंगावर इस्त्रीची साडी, हातात दवाखान्याची पिशवी, केस विरळ झाल्यामुळे पदर डोक्यावरून घेतलेला. त्यांना ते सगळं लवकर उरकायचं होतं. भाऊंनी रक्त घेतलं, मोजलं, तीन हजार पन्नास लिहिलं आणि कागदावर साहेबांची सही घ्यायला आत गेले. मला दुसऱ्या पेशंटचं मोजायचं होतं म्हणून मी भिंगाशी बसले. काच अजून तिथंच होती. काच दिसली की मोजायची, ही सवय त्यांनीच लावलेली. मी मोजलं. पंचावन्न आले, म्हणजे पावणेतीन हजार. भाऊंचे एकसष्ट होते.

पाचाच्या वर फरक होता, म्हणून मी पुन्हा मोजलं. पुन्हा पंचावन्न. मग माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी खालच्या आणि उजवीकडच्या रेघेवरच्याही सगळ्या धरल्या. बरोबर एकसष्ट झाले.

बाहेर बाकावर वहिनी कुणाच्या तरी तान्ह्या मुलाशी बोबडं बोलत होत्या. साहेबांच्या खोलीतून भाऊंचा आवाज येत होता, उत्साहाचा. मी काय करायचं होतं? ज्यानं मला मोजायला शिकवलं त्याला जाऊन सांगायचं, की तुम्ही बायकोसाठी शेजाऱ्याच्या पेशी घरात घेतल्या? तीनशेचाच तर फरक आहे, मी स्वतःला म्हटलं. इतक्यानं काय होतं?

मी काच नळाखाली धरली आणि धुऊन टाकली.

डोस झाला. त्या खेपेला वहिनींना फार जड गेलं. तोंड आतून सोलून निघालं, आवळ्याचा रस लागला की डोळ्यांत पाणी यायचं. चौथ्या डोसच्या आदल्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले होते. भाऊ कोपऱ्यावर पेरू आणायला गेले तसा वहिनींनी माझा हात धरला.

“सुनंदा, खरं सांग. माझा आकडा बरोबर असतो ना गं? अंगात जीव नाही राहिलेला. एखादा आठवडा थांबलं तर बरं होईल असं वाटतं. पण आकडा चांगला आहे म्हणतात हे.”

मी म्हणाले, “भाऊ मोजतात ना वहिनी. मग बरोबरच असणार.”

“तेच म्हणते मी,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या हातून चुकायचं नाही.” आणि माझा हात थोपटून त्यांनी सोडून दिला.

चौथ्या वेळी भाऊंनी एकतीसशे लिहिलं. मी त्या दिवशी भिंगाच्या बाजूला फिरकलेही नाही. मला पाहायचंच नव्हतं.

डोसनंतर नवव्या की दहाव्या दिवशी वहिनींना थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात हलवलं. रक्त घ्यायला भाऊंनी सुई उचलली, पण दोनदा शीर सापडली नाही, तेव्हा सिस्टरनं मला बोलावून घ्यायला सांगितलं. मी रक्त घेतलं, रिक्षानं लॅबला आणलं आणि मोजायला बसले. भाऊ माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

पहिल्या घरात दोन. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात एक. चौथ्यात तीन.

“नऊ,” मी म्हणाले.

भाऊ अगदी हळू म्हणाले, “रेघेवरच्या धरल्यास?”

“रेघेवर एकही नाही भाऊ.”

मी साडेचारशे लिहिलं. लिहिताना कागदावर पाणी पडलं आणि आकडा फिसकटला, म्हणून दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिला. भाऊ तोवर भिंतीला टेकून खाली बसले होते. एवढा उंच माणूस, गुडघे छातीशी घेऊन.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. पाचव्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या. शाळेतल्या पोरी रांगेनं आल्या होत्या, त्यांना कुणीतरी पांढरी फुलं दिली होती. त्रिसरण-पंचशील झालं. भाऊ सगळ्यांबरोबर म्हणत होते, एकही शब्द न चुकता. ते रडले असते तर मला सोसलं असतं.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले. आल्या आल्या हात धुतले, ॲप्रन चढवला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“तू काच धुतलीस ते मी पाहिलं होतं,” ते म्हणाले. “साहेबांच्या दारातून.”

मी हातातली काच टेबलावर ठेवली.

“तुला राग नाही आला माझा?”

“मला स्वतःचा येतो भाऊ.”

“माझ्या वाट्याचा कशाला घेतेस?” ते म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. त्यानंतर आम्ही या विषयावर कधीही बोललो नाही.

मला खूप वर्षं एकच प्रश्न छळत राहिला, की पहिल्यांदा मोजताना त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, नव्हतं. हाताला सवय होती दोन रेघांची, पण डोळा चारही रेघांवर फिरला असेल. त्याला एकेक ठिपका हवासा वाटला असेल. मागून कधीतरी कळलं असणार. तेव्हा मागे फिरायचं म्हणजे ते आवळे, ती मटकी, दिवसाला सहा वेळा ‘एवढं खा गं’ म्हणणं, सगळं फुकट गेलं असं मान्य करायचं. आकडा खाली जाणं म्हणजे त्यांच्या हातात काहीच नाही असं होतं. आणि डोस चुकला तर रोग वाढेल, ही भीती दुसऱ्या बाजूला होतीच. त्या व्हिटॅमिनांबद्दल मी पुढे मिळेल ते वाचत गेले. कोणी म्हणतं रक्ताला आधार होतो, कोणी म्हणतं ती औषधाच्याच आड येतात. ठाम कोणी सांगत नाही. एक आठवडा थांबून वहिनी वाचल्या असत्या का, हेही कोणी सांगू शकणार नाही. पण त्या स्वतः थांबायचं म्हणत होत्या, आणि ते फक्त मला माहीत होतं. हे मी भाऊंना कधी सांगू शकले नाही.

भाऊ पुन्हा पूर्वीसारखे मोजायला लागले, फक्त वेळ विचारणाऱ्याला नुसतं घड्याळ दाखवायचे. आवळ्या-गाजरांचं कुणाला काही सांगणं बंद झालं. कुणी विचारलंच तर, “तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला माहीत नाही,” इतकंच.

माझ्या यजमानांची पुण्याला बदली झाली तेव्हा मी ती नोकरी सोडली. माझ्या शेवटच्या आठवड्यात सुरगाण्याकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला. तिचीही तीच औषधं चालू होती. पहाटे जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, पुढे एसटीनं, अशी ती दोघं पोचली होती. ती बाकावर भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. भाऊंनी मोजलं आणि एकोणीसशे लिहिलं.

“डोस आज मिळायचा नाही,” ते म्हणाले. “आठ दिवसांनी या.”

“सायेब, लय लांबून आलोय. वाईच वाढवून ल्ह्या ना. तिला काय कळतंय त्यातलं? नायतर एखादी गोळी द्या, आकडा चढंल आशी.”

मी मान खाली घातली. भाऊ स्टुलावरून उठले आणि त्या माणसाला म्हणाले, “बसा इथं.” तो संकोचत बसला. भाऊंनी त्याचं डोकं हलकेच भिंगाकडे वाकवलं.

“काय दिसतंय?”

“जांभळं ठिपकं हायेत.”

“तेच तुमच्या बायकोचं बळ. मोजा.” आणि कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत, कुठल्या रेघेवरचं धरायचं आणि कुठल्या रेघेवरचं सोडायचं, ते त्यांनी समजावून सांगितलं. त्या माणसाला खूप वेळ लागला. एका हाताची बोटं पुरेनात तसा तो दुसऱ्या हातावर गेला. बाहेर तीन पेशंट खोळंबले होते, भाऊंनी कुणाकडे पाहिलं नाही.

“अडतीस,” शेवटी तो म्हणाला.

“अडतीसच. बरोबर मोजलंत. साठ झाले की डोस. तोवर घरी न्या, झोपू द्या, कामाला लावू नका. ताप आला तर एक दिवसही न थांबता इकडे आणा.”

“आन् तवर रोग वाढला म्हंजी?”

भाऊंनी भिंगाखालची काच काढून घेतली.

त्या माणसानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “तुमची बाई आसती तर तुमी थांबला आसता का, सायेब?”

साहेब दारात येऊन उभे राहिले होते.

“नाही थांबलो,” भाऊ म्हणाले.

तो माणूस उठला, बाकापाशी गेला, पायाजवळची पिशवी उचलली आणि बायकोच्या खांद्याला हात लावून म्हणाला, “चल, घरी जाऊ.”

ती उभी राहिली, पण जिन्याच्या तोंडाशी तिचा तोल गेला. भाऊंनी पुढे होऊन तिचा दुसरा दंड धरला. आमचा जिना उभा होता, अंधारा होता. दोघांच्या मध्ये ती एकेक पायरी उतरत होती, आणि प्रत्येक पायरीवर भाऊ तिला म्हणत होते, “सावकाश माय. काही घाई नाही. थांब हवं तर.”